दहा पाहुणे, एक बुर्राटा आणि चार तक्रारी: गोरमे किराणा घरपोच मागवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात बाणेरला राहता, शनिवारी रात्री दहा जण जेवायला आहेत, त्यांतले चार शाकाहारी. बेत इटालियन: चीजची थाळी, सॅलड, पास्ता, शेवटी तिरामिसू, म्हणजे कॉफी, बिस्किटं आणि चीजचं गोड. मागच्या खेपेला सगळं सामान एका गोरमे (खास, निवडक खाद्यपदार्थांच्या) ॲपवरून शुक्रवारी रात्री एकदम मागवलं. बुर्राटा (आत क्रीम भरलेलं ताजं चीज) आंबट निघाला, बेसिलची पानं काळी पडली होती, अवोकाडो दगडासारखे होते आणि तिरामिसूत लागणाऱ्या मस्कारपोने चीजच्या जागी क्रीम चीज आलं. म्हणून विचारता आहात की यापेक्षा चांगलं ॲप कोणतं.

ॲप बदललंत तर या चारपैकी फार तर एक तक्रार मिटेल. चारही गोष्टी एकाच पिशवीतून आल्या, तरी प्रत्येकीचं कारण वेगळं आहे. बुर्राटा जुना होता किंवा वाटेत तापला. बेसिलचं नेमकं उलटं झालं, त्याला थंडी बाधली. अवोकाडोत कोणाचाच दोष नाही, तो चार दिवस आधी यायला हवा होता. आणि मस्कारपोने गेलं ते ऑर्डर करताना बदली मालाला नकळत होकार दिल्यामुळे. हॉटेलांच्या किचनची खरेदी पाहणारा माणूस अशी यादी हातात आली की आधी तिचे दिवस पाडतो, मग दुकान शोधतो. घरच्या दहा माणसांच्या बेतालाही तेच करावं, असं माझं मत आहे.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करतो. दुकान तुमच्यापासून किती लांब आहे, फ्रिजमध्ये किती जागा आहे, महिना मे आहे की डिसेंबर, आणि दिवसभर घरी कोणी असतं का. मे महिन्यात कॅम्पातून बाणेरला दुपारी तीन वाजता दुचाकीवरून येणारा बुर्राटा आणि डिसेंबरात औंधहून सकाळी दहाला येणारा बुर्राटा यांना एकच नियम लावता येत नाही.

माल नेमका कुठून निघतो

गोरमे किराणा घरी आणून देणारे साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार स्वतःचं दुकान आणि स्वतःचे फ्रिज असलेल्यांचा. चीज तेच कापतात, तेच बांधतात, पोचवायला माणूसही बहुधा त्यांचाच असतो. दुसरा प्रकार दहा-पंधरा मिनिटांत माल देणाऱ्यांचा. त्यांचं छोटं गोदाम तुमच्या पेठेतच असतं, पण तिथे माल हाताळणाऱ्याला ब्री नावाचं मऊ चीज आणि बटर यांत फरक करायची सवड नसते. तिसऱ्याचं फक्त ॲप असतं, माल दुसऱ्याच्याच दुकानातला आणि पोचवणारा तिसराच. तिघेही उपयोगाचे आहेत, फक्त वेगवेगळ्या वस्तूंसाठी. कोरडा आणि बाटलीबंद माल कोणाकडूनही घ्या, तिथे फक्त भाव बघायचा. कापून दिलेलं चीज, ताजं चीज आणि स्मोक्ड मासा मात्र पहिल्या प्रकाराकडूनच घ्या आणि तोही फोन करून.

फोनवर एकच प्रश्न विचारायचा: "मुंबईचा माल कोणत्या वारी येतो?" परदेशी चीज, ऑलिव्ह, कोल्ड कट्स (मांसाचे तयार काप) यांपैकी बराचसा माल न्हावा शेवा बंदरातून किंवा मुंबई विमानतळावरून मुंबईतल्या आयातदारांकडे जातो आणि तिथून थंड गाडीने पुण्याला येतो. ही गाडी रोज येत नाही. एखाद्या दुकानात ती मंगळवारी आणि शुक्रवारी येत असेल, तर सोमवारी मागवलेला माल तीन दिवसांचा आणि मंगळवारी संध्याकाळी मागवलेला त्याच दिवशीचा. भाव तोच, दुकानही तेच. ज्या दुकानदाराला हा वार लगेच सांगता येतो, त्याचा फ्रिज बहुधा नीट चालतो. जो "सगळं फ्रेशच असतं साहेब" म्हणतो, त्याच्याकडून पास्ता आणि ऑलिव्ह घ्या, पुरे.

एक ऑर्डर नको, तीन करा

शनिवारच्या जेवणासाठी पहिली ऑर्डर सोमवारी किंवा मंगळवारी. यात न बिघडणारं सगळं: सुका पास्ता, डबाबंद टोमॅटो, ऑलिव्ह ऑइल, ऑलिव्ह, केपर्स (खारवलेल्या कळ्या), बाल्सामिक व्हिनेगर, तिरामिसूची बिस्किटं, कॉफी. अवोकाडोही याच वेळी मागवा. बाजारातले बहुतेक अवोकाडो कच्चेच येतात, कारण पिकलेले वाहतुकीत टिकत नाहीत. पुण्याच्या हवेत घरात बाहेर ठेवले तर तीन ते पाच दिवसांत पिकतात. कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्यासोबत ठेवले तर एखादा दिवस लवकर. ते ओट्यावर नकोत, पारा तिशीच्या वर असला तर आतून काळे पडत बाहेरून कडक राहतात. घरातला सर्वांत थंड कोपरा बघा. देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबल्यावर दबला की लगेच फ्रिजमध्ये टाका, तिथे दोन-तीन दिवस थांबतो.

दुसरी ऑर्डर बुधवारी किंवा गुरुवारी, दुकानाची गाडी आल्याच्या संध्याकाळी. यात जुनं, कडक आणि मध्यम चीज, मस्कारपोने, क्रीम, बटर, फ्रोझन वस्तू. तिरामिसू शुक्रवारी रात्रीच करून ठेवायचा असतो, म्हणून मस्कारपोने गुरुवारी हातात हवं.

तिसरी शनिवारी सकाळी, दुकान उघडल्यावर पहिल्या फेरीला: बुर्राटा, सॅलडची पानं, बेसिल, ब्रेड, स्मोक्ड सामन. पहिल्या फेरीचं कारण साधं आहे. रस्ते मोकळे असतात, ऊन चढलेलं नसतं आणि पिशवी तुमच्याआधी चार घरं फिरून येत नाही. तीन वेळा पोचवण्याचे पैसे पडतील हे खरं, पण एक बुर्राटा फेकून दिला तर त्याहून जास्त जातात. एका रकमेवर डिलिव्हरी मोफत असेल तर ती रक्कम पहिल्या ऑर्डरमध्ये भरून काढू नका. घाईत नको असलेला माल भरला जातो तो असाच.

चीज: इथे जरा थांबू

तारीख बघा म्हणतात, पण सगळ्या चीजची तारीख एकसारखी वाचायची नसते, आणि इथेच बहुतेक लोक फसतात.

बुर्राटा आणि ताजं मोझारेला शक्य तितकं ताजं हवं. बुर्राटा म्हणजे मोझारेलाची पिशवी, आत मोझारेलाचे तंतू आणि क्रीम. तो बनल्यापासून चार-पाच दिवसांत खाल्ला तर गोडसर, दुधाळ लागतो. पुढे खाण्यायोग्य असला तरी आंबटपणा चढतो आणि बाहेरचं कवच रबरी होत जातं. पाकिटावर दहा-बारा दिवसांची मुदत असली तरी मुदत संपायच्या तारखेऐवजी बनल्याची तारीख विचारा. इटलीहून येणारा बुर्राटा कित्येकदा फ्रोझन येतो आणि इथे वितळवून विकला जातो. आतली क्रीम रवाळ, पाणी सुटलेली वाटली तर समजा तसंच झालंय. म्हणून बुर्राटा भारतात बनलेला घ्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे. चांगला बुर्राटा आता आपल्याकडेही बनतो, आणि चार दिवसांपूर्वीच्या परदेशी मालापेक्षा कालचा इथला माल केव्हाही सरस.

ब्री आणि कामेम्बेर यांचं उलटं. ही चीज बाहेरच्या पांढऱ्या बुरशीमुळे बाहेरून आत पिकत येतात. मुदतीच्या सुरुवातीला कापलंत तर मधे खडूसारखा पांढरा थर दिसतो आणि चव बटरसारखी सपाट लागते. मुदतीचे शेवटचे दहा-बारा दिवस राहिले असताना ते मऊ, वाहतं आणि चवदार होतं. म्हणजे ॲपवर "लवकर संपणारा माल" म्हणून सवलतीत टाकलेलं ब्री शनिवारसाठी अगदी योग्य असू शकतं. अट एवढीच की अमोनियाचा तीव्र वास नको आणि साल तपकिरी, चिकट झालेली नको.

पार्मेसानसारखं जुनं चीज तारखेला फारसं दबकत नाही. इथे बघायचं ते कधी कापून बांधलं. मोठ्या चाकातून कापून व्हॅक्यूममध्ये बांधलेल्या तुकड्यावर जी तारीख असते ती बहुधा बांधल्याची असते, चीज बनल्याची नसते. दुकानाने स्वतः कापून बांधलं असेल तर त्यांच्या लेबलवर नाव, वजन, तारीख आणि १४ आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक असायला हवा. नुसता वजनकाट्याचा स्टिकर असेल तर मूळ पाकिटाचा फोटो मागा. चांगला दुकानदार पाठवतो.

किसलेलं पार्मेसान कधीच मागवू नका. किसल्यावर त्याचा वास चार-सहा दिवसांत उडतो आणि गोळे होऊ नयेत म्हणून त्यात बहुधा सेल्युलोज किंवा स्टार्च मिसळलेलं असतं, ते गरम पास्त्यावर वितळत नाही. तुकडा घ्या, सालही ठेवा. साल पुढच्या सुपात टाकायला उपयोगी पडते.

तुमचे चार पाहुणे शाकाहारी आहेत, तर हे नीट वाचा. अस्सल पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो हे दोन्ही वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने विरजतात, त्यांच्या नियमातच तसं आहे. आपल्याकडे 'पार्मेसान' नावाने मिळणारं बरंचसं चीज मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासून बनवलेल्या) रेनेटचं असतं आणि त्यावर हिरवा ठिपका असतो. ॲपवरच्या फोटोत हे दिसत नाही, म्हणून पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि घटकांत 'मायक्रोबियल' शब्द शोधा. बाटलीतल्या पेस्टोतही (बेसिलच्या इटालियन चटणीत) बहुधा असंच चीज असतं. तिरामिसूच्या बिस्किटांत अंडं असतं, त्यांवर तपकिरी चौकटीतला त्रिकोण दिसेल. ताज्या पास्त्यातही बहुधा अंडं असतं. सुका पास्ता मात्र बहुतेक वेळा नुसत्या ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. चौघांपैकी कोणी अंडं खात नसेल तर तिरामिसू ऐवजी दुसरं गोड ठरवा. साधा स्पंज केक कॉफीत भिजवून तिरामिसूचा भास करता येतो, पण तो केकही अंड्याविनाच हवा, आणि मस्कारपोनेत अंडी न घालता नुसती फेटलेली क्रीम मिसळावी लागेल.

बदली माल

बहुतेक ॲपांत कुठेतरी एक खूण असते: माल नसेल तर जवळचा दुसरा पाठवू का? ती न बघता पुढे गेलं की तिचा अर्थ बहुधा "पाठवा" असा होतो. गोदामातल्या मुलासाठी मस्कारपोने आणि क्रीम चीज ही दोन पांढरी डबडी आहेत. तुमच्यासाठी फरक असा की मस्कारपोने क्रीमपासून बनतं, चव गोडसर. क्रीम चीज खारट-आंबट असतं आणि तिरामिसूत लगेच कळतं. असे काही फसवे जोड लक्षात ठेवा.

क्रीम: टेट्रापॅकमधली आपली नेहमीची क्रीम २५ टक्के फॅटची असते. ती कितीही फेटली तरी उभी राहत नाही, त्यासाठी ३० टक्क्यांच्या वर, शक्यतो ३५ टक्के हवी. 'नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम' ही वनस्पती तेल आणि साखरेची असते. ती छान फुलते, म्हणूनच बदली म्हणून सर्रास येते, आणि चव मात्र बेकरीच्या केकची लागते.

ऑलिव्ह ऑइल: 'एक्स्ट्रा व्हर्जिन' मागितलं आणि 'पोमेस' आलं तर परत करा. पोमेस म्हणजे चोथ्यातून द्रावकाने काढलेलं, शुद्ध केलेलं तेल, तळायला ठीक, सॅलडवर निरर्थक. एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये मुक्त आम्ल ०.८ टक्क्यांहून जास्त नसतं. गडद काचेची अर्ध्या लिटरची बाटली पुरे. प्रकाश आणि उष्णता तेल खवट करतात, म्हणून गॅसशेजारी ठेवू नका आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा. पाच लिटरचा डबा स्वस्त दिसतो, पण शेवटचा लिटर तुम्ही खवटच खाणार.

सामन: ऑर्डरमध्ये 'इंडियन सामन' असं लिहिलं असेल तर तो रावस आहे. रावस उत्तम मासा, पण त्याचा परदेशी सामनशी काही संबंध नाही, रंगही पांढरा. नॉर्वेचा केशरी सामन हवा असेल तर तसं लिहून द्या. 'सुशी ग्रेड' या शब्दाला कायद्यात काही अर्थ नाही, त्यावर विसंबून कच्चा मासा वाढू नका.

बेसिल: बेसिल म्हणून थाई बेसिल येतं, त्याला बडीशेपेचा वास असतो. गंमत म्हणजे आपल्या फालुद्यातला सब्जा हे याच जातीच्या झाडाचं बी. पेरलं तर उगवतं, पण इटालियन बेसिलचा गोड वास त्याला नसतो. कुंडीत लावायचं असेल तर इटालियन बेसिलचंच बी आणा.

म्हणून तुमच्या नोंदीत असं लिहा: "मस्कारपोने, पार्मेसान, सामन, क्रीम: बदली नको, नसेल तर रद्द करून फोन करा. पास्ता, टोमॅटो, ऑलिव्ह: कोणताही ब्रँड चालेल." सगळ्यालाच 'बदली नको' लिहिलंत तर अर्धी ऑर्डर रद्द होऊन येते, हेही खरं.

दारात माल आल्यावर

थंड माल ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, फ्रोझन उणे १८ अंशांना, हे एफएसएसएआयचं प्रमाण. ५ ते ६० अंश हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. दुकानाच्या फ्रिजमधून निघाल्यापासून तुमच्या फ्रिजमध्ये जाईपर्यंत ५ अंशांच्या वरचा एकूण वेळ दोन तासांच्या आत हवा, आणि बाहेर ३२ अंशांहून जास्त असेल तर एका तासाच्या आत. पुण्यात एप्रिल-मे मध्ये दुपारी हे गणित सहज चुकतं. त्यात सोसायटीच्या फाटकावर वॉचमनच्या केबिनमध्ये पिशवी अर्धा तास पडून राहिली की सगळं मुसळ केरात. शनिवारी सकाळी कोणीतरी खाली उतरून पिशवी हातात घ्या.

एक डिजिटल प्रोब थर्मामीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतं. पाकीट भोसकायचं नाही. दोन थंड पाकिटं एकावर एक ठेवून मधे प्रोबची सुई दाबून धरा आणि मिनिटभर थांबा. ५ अंशांपर्यंत ठीक. ५ ते ८ असेल तर कडक चीज, बटर, ऑलिव्ह घ्यायला हरकत नाही. बुर्राटा आणि मस्कारपोने त्याच दिवशी वापरायचं असेल आणि माल नुकताच निघालेला असेल तर घ्या, नाहीतर नको. ८ च्या वर बुर्राटा, मस्कारपोने किंवा स्मोक्ड सामन आला तर परत. सामनच्या बाबतीत तर मी ५ च्या वरही वाद घालतो, कारण लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजच्या तापमानातही वाढतो. पाहुण्यांत कोणी गरोदर असेल तर तिच्या ताटात स्मोक्ड मासा, ब्री आणि कामेम्बेर वाढूच नका, माल कितीही चांगला असला तरी.

फ्रोझन मालाचं वितळणं डोळ्यांनी कळतं. मटारांचा एकच ढेकूळ झाला असेल, पाकिटाच्या आत बर्फाचे मोठे खडे असतील, पॅकेट वेडंवाकडं गोठलं असेल, तर ते एकदा वितळून पुन्हा गोठलंय. आइस्क्रीम डब्याच्या कडेपासून सुटून खाली बसलं असेल तर तेच.

दुकानाला सांगून ठेवा: जेल पिशव्या चीजच्या वर ठेवा, खाली नको, थंड हवा खाली उतरते. आणि बेसिल थंड पिशवीत नकोच. सॅलडच्या पानांना थंडी चालते, पण बेसिलला १० अंशांच्या खाली थंडी बाधते आणि पानं काळी पडतात. मागच्या वेळी तेच झालं. घरी आल्यावर देठ तिरके कापून पाण्याच्या पेल्यात बाहेरच ठेवा, वरून सैल पिशवी घाला.

पिशवी उघडताना व्हिडिओ काढा, थर्मामीटरचा आकडाही त्यात येऊ द्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर एवढा पुरावा पुरतो. एफएसएसएआयने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलंय की ग्राहकाच्या हाती पडताना मालाच्या एकूण मुदतीपैकी ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. दहा दिवसांच्या बुर्राट्याला याचा अर्थ किमान तीन दिवस. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. तेवढ्याने नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण स्थानिक दुकानदाराशी गोष्ट इथवर जाऊच नये. फोटो पाठवला की तो पैसे परत करतो किंवा दुसरा माल देतो, कारण दर महिन्याला येणारं गिऱ्हाईक त्यालाही हवं असतं.

किती मागवायचं

दहा जणांच्या बेताला माझा अंदाज असा. जेवणाआधीच्या थाळीसाठी माणशी ५० ते ६० ग्रॅम चीज, म्हणजे एकूण सहाशे ग्रॅमच्या आत, आणि तीन प्रकारच: एक मऊ, एक मध्यम, एक कडक. पाच प्रकार ठेवलेत तर प्रत्येकाचा चुरा उरतो. बुर्राटा दोघांत एक, साधारण १०० ते १२५ ग्रॅमचा, म्हणजे पाच. सुका पास्ता माणशी ८० ते ९० ग्रॅम, किलोचं पाकीट पुरतं. पास्त्यावर किसायला पार्मेसान दीडशे ग्रॅम. स्मोक्ड सामन सहा जणांना माणशी ३०-४० ग्रॅम, दोनशे ग्रॅमचं पाकीट पुरे. ब्रेड माणशी ८० ते १०० ग्रॅम, म्हणजे पाचशे-पाचशेचे दोन सावरडो (आंबवणाने फुगवलेले ब्रेड). तिरामिसूला मस्कारपोने अर्धा किलो. ऑलिव्ह घेताना बाटलीवरचं निथळलेलं वजन वाचा, एकूण वजन वाचू नका. मिठाच्या पाण्याचं वजन वजा जाता कित्येकदा निम्मंच हाती येतं. तसंच पाकिटावर आता प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो किंमत छापणं सक्तीचं आहे, तीच एकमेकांशी ताडून बघा. चीज, बटर आणि पास्ता यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, हेही भाव ताडताना लक्षात असू द्या.

कापून वजनावर मिळणाऱ्या चीजचं बिल शेवटी बदलतं, कारण २०० ग्रॅम मागितलं तर कापताना २२५ निघतं. नोंदीत "१० टक्क्यांपर्यंत जास्त चालेल" असं लिहिलं की भांडण मिटतं.

काय मागवू नये, हेही सांगतो. कांदा, लसूण, लिंबू, टोमॅटो, काकडी, साधं बटर, मीठ, साखर. यांवर गोरमे दुकानात दीड-दोन पट पैसे उगाच जातात. ब्रोकोली, झुकिनी, चेरी टोमॅटो, रंगीत ढोबळी मिरची पुण्याच्या आसपासच्या पॉलीहाऊसांतूनच येते आणि मंडईत किंवा मार्केट यार्डात ताजी मिळते. स्ट्रॉबेरी हवी असेल तर नोव्हेंबर ते मार्च महाबळेश्वरची घ्या, पण ती शनिवारीच, आदल्या दिवशी नको. जून-जुलैमध्ये आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत 'ताजा' म्हणून येणाऱ्या समुद्री माशाबद्दल दोन प्रश्न जास्तच विचारा. चांगला फ्रोझन मासा तेव्हा जास्त प्रामाणिक असतो.

वाढायच्या आधी आणि नंतर

सावरडो फ्रिजमध्ये ठेवू नका, फ्रिजच्या तापमानात ब्रेड सगळ्यात लवकर शिळा होतो. शनिवारचा ब्रेड बाहेर कागदात गुंडाळून ठेवा. संध्याकाळी वरून पाण्याचा हबका मारून १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजला की साल पुन्हा कुरकुरीत होते. उरलेला कापून फ्रीझरमध्ये टाका, हवा तेव्हा एक तुकडा टोस्टरमध्ये.

चीज वाढण्याआधी पाऊण-एक तास बाहेर काढा, थंड चीजला चव नसते. उन्हाळ्यात वीस-तीस मिनिटं पुरतात. बुर्राटा त्याच्या पाण्यासकट वीस मिनिटं बाहेर, मग निथळून लगेच ताटात. कापलेला बुर्राटा उद्यासाठी ठेवायचा नसतो.

उरलेलं ब्री आणि कडक चीज प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळलं तर घाम सुटून त्यावर चिकटा धरतो. बेकिंग पेपरमध्ये गुंडाळा आणि मग झाकणाच्या डब्यात, भाज्यांच्या कप्प्यात ठेवा. डब्यात एक टिशू टाकला की जास्तीचं पाणी तो ओढून घेतो. पार्मेसान असं तीन-चार आठवडे राहतं, ब्री चार-पाच दिवसांत संपवा. पार्मेसानवर एखादा पांढरा डाग दिसला तर डागाभोवतीचा आणि खालचा किमान अडीच सेंटिमीटर भाग कापून बाकीचं खाता येतं. बुर्राटा, मस्कारपोने किंवा क्रीम चीजवर बुरशी दिसली तर अख्खा डबा टाका.